दांडी रिकामी जाते, तेव्हा

प्रश्न : माझ्या सायकलला मागे सात गिअर आहेत. दोन पावसाळे ती इमारतीच्या पार्किंगमध्ये उभीच होती. गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत रोज सकाळी जावे म्हणून आता बाहेर काढली, तर उजव्या मुठीखालची मोठी दांडी अंगठ्याने दाबली की बहुतेक वेळा रिकामीच जाते. ‘टक्’ असा आवाजही होत नाही आणि गिअरही पडत नाही. कधी पडलाच, तर अंगठा दुखेपर्यंत जोर लावावा लागतो. लहान दांडी वाजते, पण चेन लहान चकतीवर लगेच उतरत नाही. दुकानदार म्हणतात, शिफ्टर (मुठीजवळचा, या दांड्या असलेला गिअर बदलण्याचा भाग) पूर्ण बदलावा लागेल. हे घरी दुरुस्त होऊ शकेल का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : बहुधा होईल. मात्र आपल्या पत्रात एक नव्हे, दोन दुखणी आहेत आणि ती वेगळी केल्याशिवाय नवा शिफ्टर विकत घेऊ नये. दांडी रिकामी जाणे हा शिफ्टरच्या पोटातला दोष आहे. जोर लागणे आणि चेन उशिरा उतरणे हा बहुतेक वेळा शिफ्टरपासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या वायरचा. वायर गंजलेली असताना नवा शिफ्टर बसवला, तर तोही पहिल्या दिवसापासून जडच चालेल.

परीक्षा सोपी आहे. मागचे चाक उचलून, हाताने पेडल फिरवत चेन सर्वांत लहान चकतीवर आणावी, म्हणजे वायरवरचा ताण सर्वांत कमी होतो. मग मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागावर, वायर आवळणारा बोल्ट सैल करावा. बहुतेक सायकलींवर त्याला ५ मिमीची एलन की (षटकोनी किल्ली) लागते. मोकळे झालेले टोक एका हाताने हलके ताणून धरावे आणि दुसऱ्या हाताने दोन्ही दांड्या चालवाव्यात. ताण न देता चालवल्यास धड शिफ्टरही चुकीची साक्ष देतो. या स्थितीत दांडी हलकी चालली, तर जडपणा वायरचा आहे. तरीही रिकामी गेली, तर दोष शिफ्टरचा आहे.

शिफ्टरच्या आत एक दातेरी चक्र असते आणि त्याच्या दातांत अडकणारे छोटे खटके असतात. खटक्याला दाताकडे ढकलणारी स्प्रिंग अगदी नाजूक असते. कारखान्यात भरलेल्या ग्रीसमधले तेल वर्षानुवर्षांत निघून जाते आणि मागे मेणासारखा चिकट थर उरतो. सायकल उभी राहिली की तो अधिकच घट्ट होतो. त्या थरात खटका रुतून बसतो, स्प्रिंगला तो हलवता येत नाही आणि दांडी दातांना न पकडता नुसती पुढे जाते. म्हणजे तुटलेले बहुधा काहीच नसते.

शिफ्टरचे बाहेरचे झाकण एक-दोन लहान स्क्रूंवर असते, ते काढावे. पण त्यापुढचा एकही भाग उघडू नये. मी एकदा उत्साहाच्या भरात मधला नट काढला होता, तेव्हा उडालेली स्प्रिंग बाल्कनीच्या गजांतून खाली गेली, ती आजतागायत सापडलेली नाही. झाकण निघाल्यावर डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे बारीक नळीने आत मारावा, पंधरा मिनिटे थांबावे आणि दांड्या पन्नासेक वेळा चालवाव्यात. तपकिरी, चिकट द्रव बाहेर येऊ लागेल. तो चिंधीने टिपून घ्यावा आणि द्रव स्वच्छ येईपर्यंत हीच कृती दोन-तीन वेळा करावी. पहिला ‘टक्’ ऐकू आला म्हणून थांबू नये, कारण अर्धवट निघालेले ग्रीस पुन्हा जमते. फवारा ब्रेकच्या रबरावर किंवा डिस्कवर उडणार नाही, याची मात्र काळजी घ्यावी.

हा स्प्रे मळ सोडवतो, पण वंगण म्हणून फार काळ टिकत नाही. त्यामुळे सर्व सुकल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे तीन-चार थेंब खटक्यांवर सोडावेत. घरात आहे म्हणून खोबरेल तेल घालणारे पुष्कळ भेटतात. नाशिकच्या थंडीत न्हाणीघरातल्या बाटलीत त्याचे काय होते, ते त्यांनी आठवावे. खाद्यतेलही नको, कारण कालांतराने तेच चिकटा धरते.

आता वायर. शिफ्टरमध्ये अडकणाऱ्या तिच्या टोकाच्या मुंडीजवळ एक जरी तार तुटलेली दिसली, तरी वायर बदलावी. तुटलेली तार शिफ्टरमध्ये अडकली, तर ती काढणे जिकिरीचे होते. बाहेरच्या नळीत पाणी साठते ते मागच्या डिरेलरपाशी असलेल्या शेवटच्या वळणात, म्हणून प्रथम तेथेच पाहावे. आपली सायकल दोन पावसाळे उभी होती, तेव्हा वायर आणि नळी दोन्ही नवीच घालावीत, असे माझे मत आहे. खर्च नव्या शिफ्टरहून पुष्कळ कमी येतो. गिअरची वायर साधारण १.२ मिमी जाडीची आणि नळी बहुधा ४ मिमीची असते. दुकानात घाईत कोणी ब्रेकची ५ मिमीची नळी कापून दिली, तर घेऊ नये. ब्रेकच्या नळीत तार गुंडाळलेली असते, ती ताणाखाली किंचित दबते आणि गिअर नेमका बसत नाही. गिअरच्या नळीतल्या तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात. याउलट गिअरची नळी ब्रेकला कधीही लावू नये, ती जोराने ब्रेक दाबताना फाटू शकते. नळी साध्या पकडीने कापल्यास तिचे तोंड चेपते, म्हणून दुकानातूनच नीट कापून आणलेली बरी.

वायर परत आवळण्यापूर्वी डिरेलरजवळची हाताने फिरणारी गोल कळ पूर्ण आत फिरवून एक फेरा बाहेर काढावी. चेन मोठ्या चकतीवर चढायला उशीर करत असेल, तर कळ घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवून पाहावे. लहान चकतीवर उतरायला उशीर करत असेल, तर सुलट. ‘एच’ आणि ‘एल’ लिहिलेल्या स्क्रूंना हात लावू नये, त्यांचा या दोषाशी संबंध नाही.

इतके करूनही वायर ताणून धरल्यावर दांडी रिकामीच जात असेल, तर आतला खटका झिजला आहे किंवा स्प्रिंग तुटली आहे, आणि मग दुकानदारांचे म्हणणे खरे मानावे. अशा वेळी उजवा शिफ्टर तेवढा सुटा मागावा आणि तो सात गिअरचाच व आपल्या डिरेलरला जुळणारा घ्यावा, त्यासाठी जुना काढून सोबत न्यावा.