जिल्ह्यातल्या संग्रहालयासाठी तिकीट लावून जेवणाची संध्याकाळ ठेवली, तर लोक देणगी देतील का?

तुमचा प्रश्न असा आहे: छोट्या संग्रहालयाच्या मदतीसाठी, संग्रहातल्या वस्तू मांडून महाराष्ट्राच्या इतिहासाची एक संध्याकाळ करायची, तिकीट लावायचं, जेवण द्यायचं. यातून निधी उभा राहतो का, आणि काय काळजी घ्यावी? मी जुने कागद आणि कापड यांच्या जतनाचं काम करते. अशा कार्यक्रमांना कपाटातून वस्तू काढून देणं आणि नंतर तपासून परत ठेवणं माझ्याकडे असतं, म्हणून त्या बाजूने लिहिते.

निधी उभा राहतो. पण नुसतं ‘संग्रहालयाला मदत करा’ म्हटलं की माणूस फूल ना फुलाची पाकळी देऊन जेवायला वळतो. ‘या रुमालातले, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातले, कागद वाचवायचे आहेत’ म्हटलं की तो वाकून बघतो, प्रश्न विचारतो. म्हणून माझं ठाम मत आहे की पन्नास वस्तू मांडू नका. पाच-सहाच निवडा आणि प्रत्येकीशेजारी तिला काय झालंय, दुरुस्तीला किती खर्च येईल, हे मोठ्या अक्षरात लिहा.

मोडी कागदांचंच घ्या. आपल्याकडच्या कितीतरी संग्रहांत कापडात बांधलेले रुमाल पडून असतात. त्यातला एक उघडा. आधी आडवी रेघ ओढून तिला लटकवत नेलेली बोरूची अक्षरं, घडीवर विरलेला कागद, कसरीने खाल्लेले वेडेवाकडे पट्टे. काजळाची शाई अजून काळीभोर दिसते, पण ओल लागली तर पसरू शकते. म्हणून दुरुस्ती करणारा आधी एखाद्या कडेच्या अक्षरावर ओलसर कापसाचा बोळा टेकवून पाहतो. मग गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि अक्षरं आरपार दिसतील इतका तलम जपानी कागद. हे काम पाहुण्यांसमोर टेबलावर होऊ द्या आणि शेजारी एक मोडी वाचक बसवा. गावाचं नाव, वतनाचा तंटा, उसन्या घेतलेल्या रुपयांचा हिशेब त्याच्या तोंडून ऐकला की जिल्ह्यातली माणसं आपापल्या गावाचे कागद आहेत का, हे विचारायला लागतात. देणगीची गोष्ट तेव्हा काढावी.

लोक तलवार बघायला येतील, हे गृहीत धरा. २०२५ मध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून मिळवली, तेव्हापासून शस्त्रांबद्दलची उत्सुकता आणखी वाढली आहे. तलवार ठेवाच, पण तिच्याजवळ अडकित्ता, अंग घासायची वज्री, दिवा असं काही घरातलंही ठेवा. पुण्यात दिनकर केळकरांनी अशाच वस्तूंचा केवढा संग्रह केला, लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं आणि तो राज्य सरकारच्या स्वाधीन केला. हे मला फार मोठं वाटतं. लोकांनी पैसे घालून संग्रहालय उभारणंही आपल्याला नवं नाही. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये खुलं झालं, त्यासाठी भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांनी वर्गणी जमवायला खटपट केली होती. एकविसाव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार झाला तोही महापालिका, वारसा जतनाचं काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आल्यामुळे. प्रास्ताविकात हे दोन मिनिटांत सांगा. पाहुण्यांच्या सत्कारापेक्षा हे ऐकायला लोकांना आवडतं.

आता जिथे मी अजिबात मागे हटत नाही ते. जेवण अंगणात, वस्तू आत. दालनात सरबताचा पेलासुद्धा नको. उद्घाटनाची समई दाराबाहेर लावा. फुलांची आरास आत नको, फुलांबरोबर किडे येतात. कापड आणि कागदावर उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आत हवा, त्यामुळे व्हिडिओवाल्याच्या दिव्यांना आधीच नकार कळवा. पैठणी पुतळ्याला नेसवू नका. जुनी जरीची तार घडीवर तुटते आणि साडीचं वजन झेपत नाही. सपाट पसरून ठेवा.

लिलाव करायचाच असेल तर आजच्या चित्रकारांची चित्रं किंवा हातमागाची वस्त्रं ठेवा. शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू आणि ७५ वर्षांवरची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही. त्या संध्याकाळी कुणी भारावून घरातली जुनी वस्तू देऊ केली, तर ती कुठून आली हे लिहून घेतल्याशिवाय हातात घेऊ नका.

पैशांचं थोडक्यात. जेवणाचा आणि मांडवाचा खर्च एखाद्या स्थानिक उद्योजकाकडून आधीच मिळवा, म्हणजे तिकिटाचा प्रत्येक रुपया वस्तूवर खर्च होतोय असं सांगता येईल. कंपन्यांना त्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून वारसा जतनासाठी पैसे देता येतात, त्यांना वेगळं भेटा. महागडं तिकीट न परवडणाऱ्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना दुपारी कमी दरात बोलवा. मोडी वाचायला पुढे येणारी मुलं त्यांच्यातूनच मिळतात. पावती तिथल्या तिथे द्या, त्यावर वस्तूचं नाव घाला. काम झालं की त्या देणगीदाराला फोन करून दुरुस्त झालेला कागद दाखवायला बोलवा.

तुमच्या संग्रहात काय काय आहे आणि कुठल्या अवस्थेत आहे ते इथे लिहिलंत, तर कुठल्या वस्तू त्या दिवशी बाहेर काढायच्या आणि कुठल्या मुळीच हलवायच्या नाहीत, ते सांगेन.