डीबीएफमधली दहा अक्षरांची अट कुठून आली?

तुमचे प्रश्न दोन आहेत. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधून शेपफाइल (नकाशाचा डेटा ठेवायचा फाइल-प्रकार) सेव्ह केल्यावर ‘मालमत्ता_क्रमांक’ या कॉलमचं नुसतं ‘माल’ का उरतं? आणि सोबत येणारी ती .डीबीएफ, म्हणजे कॉलमचा तक्ता ठेवणारी फाइल, मायक्रोसॉफ्टची भानगड आहे का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, पहिल्याचं त्यातच सापडेल. नाही, मायक्रोसॉफ्टची नाही. ती कंपनी या प्रकरणात बऱ्याच उशिरा आली.

सुरुवात झाली १९७८ मध्ये. वेन रॅटलिफ हा गृहस्थ पासाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी या नासाच्या प्रयोगशाळेत, म्हणजे जेपीएलमध्ये, कंत्राटी प्रोग्रामर होता. ऑफिसात अमेरिकन फुटबॉलच्या निकालांवर पैजा लागायच्या. त्या जिंकायच्या तर संघांचे आकडे हाताशी हवेत. मग पेपरातले आकडे जमवण्यापेक्षा, स्वतः किट जोडून उभ्या केलेल्या इमसाय ८०८० मशीनवर डेटाबेसच लिहावा असं त्याने ठरवलं. जेपीएलच्या युनिव्हॅक ११०८ वर जेपीएलडीआयएस नावाची डेटाबेस प्रणाली चालत होती. जेब लाँग हा तिच्या कर्त्यांपैकी एक. तिच्या आज्ञांची धाटणी उचलून रॅटलिफने असेंब्ली या यंत्राजवळच्या भाषेत आपला प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं व्हल्कन. १९७९ मध्ये ‘बाइट’ मासिकात जाहिरात देऊन तो घरबसल्या विकूही लागला. पण प्रोग्राम लिहिणं, मॅन्युअल, पार्सलं, सगळं एकट्याने करून तो पार मेटाकुटीला आला.

तेव्हा जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली यांनी विक्रीचे हक्क घेतले. आता गंमत बघा. कंपनीचं नाव अ‍ॅश्टन-टेट, पण अ‍ॅश्टन नावाचा कोणी भागीदार नव्हताच, कानाला बरं वाटतं म्हणून लावलेलं. व्हल्कनचं नवं नाव डीबेस टू, पण डीबेस वन कधी निघालंच नाही. दुसरी आवृत्ती म्हटली की गिऱ्हाइकाला माल मुरलेला वाटतो! किंमत ६९५ डॉलर. १९८१ च्या मानाने ही चैनच, तरी ते धडाक्यात खपलं. स्क्रीनवर नुसतं एक टिंब यायचं. त्यापुढे ‘यूज’ लिहून फाइल उघडा, ‘लिस्ट’ लिहून यादी काढा. प्रोग्रामर नसलेला अकाउंटंटसुद्धा आठवड्याभरात रुळायचा.

माझ्या मते खरी करामत भाषेपेक्षा फाइलच्या रचनेत आहे. डीबेसची ती फाइल म्हणजेच .डीबीएफ. तुमची .डीबीएफ हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडून बघा. पहिला बाइट प्रकार सांगतो, पुढचे तीन शेवटच्या बदलाची तारीख, त्यापुढचे चार एकूण नोंदी. ३२ बाइट संपले की प्रत्येक कॉलमसाठी आणखी ३२-३२ बाइट. त्यातले पहिले ११ नावाचे, आणि नाव शून्य बाइटने संपवायचं म्हणून हातात उरतात १०. तुमची दहाची अट ती हीच. रोमनमध्ये एका अक्षराला एक बाइट लागतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन लागतात, आणि काना हे वेगळं चिन्ह. म, काना, ल, झाले नऊ बाइट. चौथं चिन्ह मावत नाही.

हे वर्णन डीबेस थ्रीच्या काळापासूनचं, म्हणजे १९८४ नंतरचं. डीबेस टूमध्ये तर ३२ कॉलम आणि ६५,५३५ नोंदी झाल्या की खेळ खलास. फाइलमध्ये कॉलमच्या वर्णनानंतर नोंदी येतात, प्रत्येक ओळ ठरलेल्या लांबीची, आकडेसुद्धा साध्या अक्षरांत लिहिलेले. ओळीचा पहिला बाइट मोकळा असेल तर नोंद जिवंत, तिथे तारांकन असेल तर ‘डिलीट’ झालेली. ‘रीकॉल’ म्हटलं की परत येते, ‘पॅक’ म्हटलं की कायमची जाते. इतकं उघडं-नागडं असल्यामुळे कोणीही ती फाइल वाचणारा प्रोग्राम लिहू शकत होता.

आणि लोकांनी लिहिलेच. नॅनटकेट कंपनीचं क्लिपर आलं, ओहायोतल्या फॉक्स सॉफ्टवेअरचं फॉक्सबेस आलं आणि मग फॉक्सप्रो. फॉक्सवाल्यांचा वेग बघून अ‍ॅश्टन-टेटचं धाबं दणाणलं. १९८८ मध्ये त्यांनी फॉक्सवर कॉपीराइटचा दावा ठोकला, आणि त्याच वर्षी आलेलं स्वतःचं डीबेस फोर बग्सनी बरबटलेलं! डिसेंबर १९९० मध्ये न्यायाधीशांनी उलट अ‍ॅश्टन-टेटचाच कॉपीराइट रद्द ठरवला. का, तर डीबेस हे जेपीएलडीआयएसवरून बेतलंय ही गोष्ट नोंदणी करताना लपवली म्हणून. काही महिन्यांनी त्यांनी तो निकाल मागे घेतला, पण तोवर कंपनीचं कंबरडं मोडलं होतं. १९९१ मध्ये बोरलँड या सॉफ्टवेअर कंपनीने ती विकत घेतली आणि सरकारच्या अटीनुसार फॉक्सवरचा दावा सोडून दिला. मायक्रोसॉफ्टने फॉक्स घेतली ती १९९२ मध्ये. त्याच वर्षाअखेर त्यांचं स्वतःचं डेटाबेस सॉफ्टवेअर अ‍ॅक्सेसही बाजारात आलं, आणि २००७ मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती येणार नाही असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

आपल्याकडे क्लासच्या पाटीवर ‘वर्डस्टार, लोटस, डीबेस’ हे त्रिकूट असायचंच. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की डॉसच्या प्रोग्राममध्ये देवनागरी टाइप करता यायची. तिथे इस्की कोड होता, एका चिन्हाला एकच बाइट, त्यामुळे २० रुंदीच्या रकान्यात २० चिन्हं बसायची. आज यूटीएफ-८ मध्ये तिथे सहाच बसतात. तेव्हा नुसती कॉलमची नावं नाही, आतला मजकूरही तपासा. मजकुराच्या रकान्याला २५४ बाइटची कमाल मर्यादा असते, म्हणजे जेमतेम ८४ चिन्हं. लांबलचक पत्ता असेल तर शेपटी कापली जाणारच.

शेपफाइलचा आग्रह नसेल तर जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल-प्रकारात सेव्ह करा. ते एसक्यूलाइट या डेटाबेसवर चालतं, तिथे ही अट नाही. वरच्या ऑफिसला शेपफाइलच हवी असेल, तर कॉलमची नावं रोमनमध्ये दहा अक्षरांच्या आत ठेवा आणि कुठलं नाव म्हणजे काय याचा एक तक्ता सोबत जोडा.