सॅलिसिलेट कमी करताना पहिले काही आठवडे

सॅलिसिलेट म्हणजे बऱ्याच फळांत, भाज्यांत, मसाल्यांत नैसर्गिकपणे असणारं रसायन; काहींना ते सोसत नाही. ते असलेल्या पदार्थांची यादी बघून घाबरलात ना? साहजिक आहे. मीही पहिल्या दिवशी फ्रिज उघडून नुसती उभी राहिले होते.

आधी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ. सॅलिसिलेट सोसत नाही हे पक्कं सांगणारी रक्ततपासणी नाही. काही आठवडे पदार्थ बंद करायचे आणि मग एकेक परत आणून बघायचं, हाच मार्ग. मुलांवर तर स्वतःच्या मनाने हा प्रयोग मुळीच नको.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- भात, अंडी, साधं दूध, ताजं मांस, सोललेला बटाटा, कोबी यांवर भर द्या. फळांत पिकलेलं पेअर, पण साल जाड काढून. सालीत आणि सालीलगतच सॅलिसिलेट जास्त असतं.
- मसाले, सुकामेवा, बेरी, मध, टोमॅटो, चहा थांबवा.
- रोज खाल्लेलं आणि झालेला त्रास वेळेसकट लिहा.

नवखे हमखास चुकतात ते इथे: सॅलिसिलेट साचत जातं. त्यामुळे आज अंगावर पुरळ आलं की आजच्याच जेवणाला दोष देऊ नका, मागचे दोन-तीन दिवस तपासा. मी तीन आठवडे ताट काटेकोर सांभाळलं आणि दात मात्र पुदिन्याच्या पेस्टने घासत होते! पुदिन्यातही सॅलिसिलेट असतं. दुखण्यावरचे बामही बघा. बऱ्याच बामांत मिथाइल सॅलिसिलेट असतं. डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन (तेही सॅलिसिलेटच) दिलं असेल तर ते मात्र विचारल्याशिवाय बंद करू नका.

किती मिलिग्रॅम चालेल वगैरे हिशेब आत्ता नको. बरं वाटायला लागल्यावर बघू.