ई. कोलाय सापडला, पण कोणता?

प्रश्न : मी इस्लामपूरला टीवायबीएस्सी (मायक्रोबायोलॉजी) करते. प्रोजेक्टसाठी पाणीपुरीच्या पाण्याचे नमुने तपासले, बहुतेकांत ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जिवाणू मिळाला. अन्नातून पसरणाऱ्या जिवाणूंच्या जनुकांवर पुढे काम करावंसं वाटतं. बाबा म्हणतात, बी.एड. कर, जंतू मोजून पोट भरत नाही. आईला भीती, की मी घरी रोग आणीन. काय करू?

उत्तर : ईएमबीच्या, म्हणजे ई. कोलाय ओळखायच्या खाद्याच्या, प्लेटवर हिरवी धातूसारखी चकाकी दिसली असेल आणि इमविक या चार चाचण्यांच्या संचात प्लस-प्लस-मायनस-मायनस. वहीत 'ई. कोलाय' लिहून तुम्ही प्रोजेक्ट संपवला असणार. तुला आवडलेला विषय नेमका तिथून पुढे सुरू होतो. तुझ्या-माझ्या आतड्यात निमूट राहणारा ई. कोलाय आणि मूत्रपिंड निकामी करणारा ई. कोलाय या दोघांचं उत्तर इमविकमध्ये एकच येऊ शकतं.

2011 च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत माणसं रक्ती जुलाबांनी पटापट दवाखान्यात येऊ लागली. हॅम्बुर्गमध्ये स्पेनहून आलेल्या काकड्यांवर घातक ई. कोलाय मिळाला आणि काकडीवर खापर फुटलं. स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल पडून राहिला. पण काकडीवरचा ई. कोलाय वेगळा होता आणि रुग्णांच्या पोटातला वेगळा! खरा धागा निघाला मोड आलेल्या मेथीत, आणि ते मेथीदाणे बहुधा इजिप्तहून आलेले. साथ संपेपर्यंत जर्मनीत सुमारे 3,800 लोक आजारी पडले होते, 50 हून अधिक दगावले.

रुग्णांच्या पोटातला हा ओ104:एच4 नावाचा स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, मूळचा आतड्याला घट्ट चिकटून बसणाऱ्या ई. कोलायच्या कुळातला. त्याच्यात एका फेजने, म्हणजे जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूने, मूत्रपिंडावर घाला घालणाऱ्या शिगा विषाचं जनुक आणून सोडलेलं. चिकटण्याची ताकद आणि विष एकाच अंगी आलं. शिवाय नेहमीच्या घातक ओ157 या ई. कोलायला वेगळा काढणारी, साखरेसारख्या सॉर्बिटॉलची प्लेट इथे फसते, कारण ओ157 सहसा सॉर्बिटॉल लगेच आंबवत नाही, हा मात्र आंबवतो. याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, साथ चालू असतानाच वाचला गेला आणि जगभरच्या लोकांनी तो आपापल्या संगणकावर उलगडला.

उलटंही घडतं. अन्नकारखान्यांत सापडणाऱ्या काही लिस्टेरिया जिवाणूंत पेशीत शिरायला लागणाऱ्या प्रथिनाचं जनुक मधेच तुटलेलं असतं; असे स्ट्रेन आतड्याच्या भिंतीत शिरायला कमी पडतात. एकाच नावाखाली किती तऱ्हा असतात बघ.

आता बाबांचा मुद्दा. तो पोकळ नाही. नुसतं जीनोम वाचून पगार देणाऱ्या जागा आपल्याकडे थोड्या आहेत. एमएस्सीनंतर डेअरी किंवा मासळी निर्यातीच्या लॅबमध्ये गेलीस तर पहिली दोन वर्षं मीडिया (जिवाणूंचं खाद्य) बनवण्यात आणि कॉलनी (प्लेटवरचे जिवाणूंचे ठिपके) मोजण्यात जातील, पगारही बेताचाच. अन्न सुरक्षा अधिकारी हे पद एमपीएससीमार्फत भरलं जातं, मायक्रोबायोलॉजीची पदवी त्याला चालत आलेली आहे. जाहिरात मात्र नीट वाच, कारण ती दरवर्षी निघत नाही. संशोधनाची वाट नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधनवृत्तीवरून जाते. जेआरएफला दरमहा 37,000 रुपये मिळतात, पण पीएचडीची पाच वर्षं धरून चल. बी.एड. पुढेही करता येईल, जेआरएफला मात्र वयाची अट आहे. बाबांना हाच हिशेब सांग.

एमएस्सीसाठी गॅट-बी, सीयूईटी आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा, सगळ्यांचे फॉर्म भर. विभाग निवडताना इमारत बघू नकोस. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार, की प्रोजेक्ट स्वतः करता की तयार डेटा मिळतो? आणि संगणकाला घाबरू नकोस. लिनक्सच्या चार आज्ञा, आर किंवा पायथन ही थोडी संगणकभाषा, आणि संख्याशास्त्र, जे आपल्या मायक्रोच्या मुली हमखास टाळतात. ओ104 चे जीनोम एनसीबीआय या जनुकांच्या माहितीसाठ्यावर फुकट आहेत आणि ते तपासायचं गॅलेक्सी हे साधन ब्राउझरमध्येच चालतं. नुसतं बायोइन्फर्मेटिक्स (संगणकावरचं जीवशास्त्र) करू नकोस असं माझं मत आहे. प्लेट हाताळलेल्या माणसाला डेटामधली चूक लवकर दिसते.

आईंना सांग, अशा जिवाणूंवरचं काम बायोसेफ्टी कॅबिनेट असलेल्या लॅबमध्ये, हातमोजे घालून होतं. एप्रन मात्र घरी धुवायला आणू नकोस, त्यांचं तेवढं बरोबर आहे.

आणि तुझी कल्चर्स, म्हणजे वाढवलेले जिवाणू, कुठे आहेत? परीक्षा झाली की ती जिवाणू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये जातील. मॅडमना सांगून आजच ग्लिसरॉल घालून डीप फ्रीझरमध्ये ठेव. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सार्वजनिक आरोग्य विभागाला कॉलेजमार्फत पत्र लिहा आणि शिगा विषाच्या जनुकांसाठी पीसीआर ही चाचणी करून मिळेल का ते विचारा. बहुधा निगेटिव्हच येईल. तरी करून बघ.