पहिला खर्च चेहऱ्यावर

प्रश्न : मी ४६ वर्षांची, पुण्यात बँकेत नोकरी करते. फेब्रुवारीत हॅवलॉकला स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स केला आणि नादच लागला. वर्षातून दोनदा जायचं ठरवलंय, एकदा अंदमान आणि एकदा मालवण किंवा कर्नाटकातलं नेत्राणी बेट. स्वतःच्या सामानासाठी ५० हजार रुपये बाजूला ठेवलेत. अमेरिकेतला मावसभाऊ त्याचा जुना रेग्युलेटर फुकट देतो म्हणतोय. चष्मा उणे साडेतीनचा आहे, शिवाय आता जवळचं वाचतानाही त्रास होतो. काय घ्यावं, काय भाड्यानं वापरावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, आधी मावसभावाला फोन करून आभार माना आणि रेग्युलेटर तिथेच राहू दे म्हणून सांगा. सिलिंडरमधली २०० बारची हवा तुमच्या तोंडापर्यंत श्वासाजोगी करून आणणारं ते यंत्र आहे. वापरा वा ना वापरा, त्याची सर्व्हिस ठरल्या वेळी व्हावीच लागते. बहुतेक कंपन्या वर्षा-दोन वर्षांनी करा म्हणतात. मॉडेल जुनं असेल तर आतले ओ-रिंग आणि सुटे भाग मिळवायला तुम्हालाच दारोदार फिरावं लागेल. त्यात तो डिन पद्धतीचा (सिलिंडरमध्ये पिळून बसवायचा) निघाला, तर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी भाड्यानं मिळणाऱ्या योक (वरून पकडीनं आवळायच्या) सिलिंडरला अडॅप्टरशिवाय बसायचा नाही. वर्षातून दोनदा जाणाऱ्या माणसानं हे लोढणं गळ्यात घेऊ नये. बीसीडीचं, म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळणाऱ्या जाकिटाचंही तेच. विमानात १५ किलोच्या बॅगेत ही दोन्ही कोंबली की कपडे घरी ठेवावे लागतात. सिलिंडरचा तर विचारही नको. (आणि त्यात ऑक्सिजन नसतो, आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. आमच्या मालवणात रोज कुणीतरी पर्यटक ‘ऑक्सिजन किती पुरेल’ म्हणून विचारतोच.)

भाड्याचा रेग्युलेटर मात्र डोळे मिटून तोंडात घालू नका. होडीवर सिलिंडर उघडा, हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर नजर ठेवा आणि दोन्ही (नेहमीच्या आणि जादाच्या) माउथपीसमधून चार-चार मोठे श्वास घ्या. श्वासागणिक काटा खालीवर हलला तर सिलिंडर पुरतं उघडलेलं नाही, किंवा आत काहीतरी अडलंय. शेवटची सर्व्हिस कधी झाली, तेही विचारा. विचारल्यावर ज्याच्या कपाळाला आठ्या पडतात, त्याच्याबरोबर मी तरी पाण्यात उतरणार नाही.

आता पैसे कुठे घालायचे? पहिले मास्कमध्ये. रंग, ब्रँड, शेजारणीनं कुठला घेतला, हे सगळं विसरा. दुकानात पट्टा मागे टाकून मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलकासा श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर चेहरा त्याचा, पडला तर परत ठेवा. चढ्या किमतीचा मास्क गळतो आणि शेजारचा स्वस्तातला बसतो, असं मी पुष्कळदा पाहिलंय. मग तोंडात माउथपीस धरून तेच पुन्हा करा, कारण ओठ पसरले की गालांचा आकार बदलतो. मास्कचा नाकावरचा भाग कपाळाला टोचतोय का, नाक बाहेरून चिमटीत नीट धरता येतं का, तेही बघा. खाली जाताना नाक धरून फुंकूनच कानांवरचा दाब सोडवायचा असतो, नाक धरता आलं नाही तर कान सोडवणार कसे?

तुम्हाला दोन वेगवेगळ्या काचांचा मास्क लागेल, कारण नंबरच्या तयार काचा त्यातच बसतात. त्या अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यानं मिळतात. पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे साडेतीनऐवजी तीनची काच घेतलीत तरी मासे ओळखता येतील, आणि हाताजवळचं वाचायला उलट थोडी मदतच होईल. डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. सिलिंड्रिकल नंबर असेल तर तयार काच तो भरून काढत नाही.

नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. तो राहिला तर काच धुक्यासारखी भरते. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नको) आतून बोटानं दोन-तीनदा चोळून धुवा. काचेवर खास लेप असेल तर मात्र हे करू नका. पट्टा करकचून आवळायचा नाही, आवळला की कड दुमडून पाणी आत येतं. केसांची एक बट कडेखाली सापडली तरी गळतो, म्हणून अंबाडा खाली, मानेशी बांधा.

दुसरा खर्च डाइव्ह कॉम्प्युटरचा. यावर माझं अनेक सहकाऱ्यांशी पटत नाही, ते आधी फिन्स (पायात घालायचे पंखे) सांगतात. पण पाण्याखाली श्वासातला नायट्रोजन शरीरात साचत जातो, आणि कॉम्प्युटर त्याचा हिशेब ठेवून अजून किती वेळ खाली राहता येईल ते सांगतो. सकाळी दुसऱ्याच्या मनगटावर असलेला तोच दुपारी तुमच्या हातात दिला, तर तो त्याचा हिशेब तुमच्या नावावर दाखवणार. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात पहिल्या डाइव्हला १८ मीटरवर ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरवर फक्त २०. दुसऱ्या, तिसऱ्या डाइव्हला ही मुदत आणखी आखडते, आणि अंदमानात दिवसाला दोन-तीन डाइव्ह होतातच. घड्याळासारखं नाजूक मॉडेल दिसायला छान असतं, पण तुम्ही ते घेऊ नका. मोठ्या आकड्यांचं, जाडजूड, बॅटरी घरी बदलता येईल असं घ्या. दुकानात वाचायचा चष्मा काढून, हात लांब करून खोली आणि मिनिटं वाचता येतात का बघा.

उरलेल्या पैशांत तीन मिलिमीटरचा पूर्ण बाह्यांचा वेटसूट. अंदमानचं पाणी २७ ते ३० अंश असतं, तरी तिसऱ्या डाइव्हला दात वाजतात. भाड्याच्या सुटात आधीच्या माणसानं काय केलं, हे विचारायचं नसतं, म्हणूनही स्वतःचा बरा. छातीत आणि कमरेत घालूनच बघा. विलायती मापं आपल्या बायकांना क्वचितच जमतात. फिन्स पुढच्या वर्षी. होडीवरूनच उतरणार असाल तर पायात थेट घालायचे हलके पुरतात.

प्रश्न : माझ्या मास्कमध्ये दर डाइव्हला पाणी शिरतं. इन्स्ट्रक्टर मिशी काढ म्हणतात. मला काढायची नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नका काढू. नाकाच्या लगेच खाली, मास्कची कड टेकते तेवढी बारीक पट्टी कात्रीनं साफ करा. सिलिकॉन कातडीवर बसलं की काम झालं. तरीही थोडं पाणी येईल. वर बघत नाकानं जोरात श्वास सोडून ते बाहेर काढायची सवय असली, की त्याचं काही वाटत नाही.

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची आहे. स्नॉर्केलिंगसाठी तिला पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घेतला होता. कोर्सलाही तोच चालेल ना? नाहीतर तिचे पोहायचे गॉगल आहेतच.
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही नाही. तो मास्क पाण्याच्या पृष्ठभागापुरताच. त्यात रेग्युलेटर तोंडात घेता येत नाही आणि नाकही धरता येत नाही. गॉगलमध्ये नाक बाहेर राहतं. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, आणि आतली पोकळी नाकातून हवा सोडून भरता आली नाही तर डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. लहान चेहऱ्याचा साधा स्कूबा मास्क घ्या आणि दुकानात तिला सोबत न्या. तिच्याऐवजी तुम्ही घालून बघून काही कळणार नाही.