आधी वही बघ

प्रिय मुली, अनेक आशीर्वाद.

परवा आलीस, डिस्लेक्सियाच्या रिपोर्टची फाइल मांडीवर धरून बसलीस आणि पाऊण तासात चार वेळा म्हणालीस, ‘बाई, माझेच कष्ट कमी पडतात.’ चौथ्यांदा मी चिडले, तुझे डोळे भरून आले. मी का चिडले ते तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. पत्र मुद्दाम टाइप करून पाठवलंय. मोबाइललाच वाचून दाखवायला सांग. त्यात कमीपणा नाही, आणि यावर माझ्याशी वाद घालायचा नाही.

कष्ट कमी पडले हे तुला कुणी सांगितलं? वही बघून सांगितलं का?

मी तुझी अकाउंट्सची वही बघितली. फळ्यावरून उतरवलेल्या रकमांत एकही चूक नाही. सरांनी तोंडी सांगितलेल्या रकमांत मात्र बावन्नच्या जागी २५ आणि त्र्याऐंशीच्या जागी ३८. आपण ‘बावन्न’ म्हणताना दोन आधी उच्चारतो आणि लिहिताना पाच आधी लिहितो. बहुतेकांचा मेंदू ही उलटापालट न कळत करतो, तुझा तिथे अडखळतो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसचं ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन दिलं तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर कारण समजावून सांगत होत्या, ऐकायला फारसं कुणी तयार नव्हतं. मीही हसले होते, आणि तेसुद्धा तीस वर्षं शिकवून झाल्यावर.

दहावीपर्यंत तुझं निभावलं, कारण मराठीत अक्षर आणि उच्चार बरेचसे जोडीने चालतात. कॉलेजात इंग्रजी पुस्तकं आली. तिथे ‘बट’ आणि ‘पुट’मधलं ‘यू’ एकच, उच्चार निराळे. त्यामुळे इतकी वर्षं झाकलेलं उघडं पडलं. डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नाही. अक्षरावरून ध्वनीवर जाण्याची वाट मंद असते, एवढंच. ती बऱ्याचदा घराण्यातून येते, म्हणून धाकट्या भावाचीही वही बघ. त्याला ओरडण्याआधी बघ.

आता माझं सांगते. १९८८ साली माझ्या सातवीच्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगा होता. धडा एकदा ऐकला की जसाच्या तसा सांगायचा. लिहायला बसला की ‘सूर्य’चा रफार भलत्याच अक्षरावर जायचा, ‘पर्ण’चं ‘प्रण’ व्हायचं. मी त्याला ‘सूर्य’ शंभर वेळा लिहायला लावला. तिसाव्या ओळीपर्यंत बरोबर होता, पुढे रफार ‘सू’वर सरकला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. मला तो उद्धटपणा वाटला. सगळ्या वर्गासमोर ‘आळशी’ म्हणाले. रफार बोलताना आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, पहिली वेलांटी लिहिताना आधी येते आणि बोलताना नंतर, हे मला रोज शिकवूनही दिसलं नव्हतं. त्याने सातवीनंतर शाळा सोडली.

वर्गात ५८ मुलं होती. डी.एड.ला आम्हाला सुंदर हस्ताक्षर शिकवलं, हे कुणी शिकवलं नाही. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना आपल्या राज्यात सवलती मिळू लागल्या त्याच मुळी १९९६ साली. हे सगळं खरं आहे आणि मी ते स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण वही माझ्या हातात होती. शंभर ओळी माझ्यासमोर होत्या आणि मी त्या मोजल्या, बघितल्या नाहीत.

बारा वर्षांपूर्वी तो बँकेत भेटला. हातात पैसे भरायची स्लिप. मला बघून त्याने ती घडी करून खिशात घातली. ‘चष्मा विसरलोय, बाई,’ म्हणाला. चष्मा त्याच्या खिशालाच अडकवलेला होता. मी काही बोलले नाही. स्लिप भरून देते म्हणायलाही धीर झाला नाही.

म्हणून तू ‘जादा वेळ घेणं लबाडी वाटते’ म्हणालीस तेव्हा माझा तोल गेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता नाव घेऊन नमूद आहे, डिस्लेक्सिया त्यातलाच. प्रमाणपत्र काढ. परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी कॉलेजात अर्ज दे, रायटर आणि जादा वेळ दोन्ही माग, अर्जाच्या प्रतीवर पोच घे. क्लार्क म्हणेल, ‘दिसायला तर धडधाकट आहेस.’ म्हणू दे. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.

पेपरच्या आदल्या रात्री छातीत धडधडतं, हात गार पडतात, त्याचीही वही बघ. ते नेमकं कधी सुरू होतं? तूच म्हणालीस, वर्गात मोठ्याने वाचायची पाळी यायची तेव्हापासून. इतकी वर्षं ज्या जागी हसं झालं त्या जागी शरीर आधीच सावध होतं. श्वास हळू सोड, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. पण पेपर चुकवू नकोस. चुकवला की त्या दिवशी हायसं वाटतं आणि पुढच्या वेळी भीती दुप्पट होऊन येते. झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, कशातच मन लागेना आणि हे दोन आठवडे टिकलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. मी येते सोबत. जीव नकोसा वाटला तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच क्षणी मला उठव. रात्री-अपरात्री १४४१६ वर फोन लागतो, टेलिमानस, मोफत आहे आणि मराठीत बोलतात.

रागावले त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. मी तुझ्यावर रागावले नव्हते हे तुला कळलं असेल, नसेल तर आता कळू दे.

रविवारी ये. अकाउंट्सची वही आण, गेल्या सेमिस्टरचे पेपर आण, भावाला आण. रकमा मी तोंडी सांगेन, तू आकडे उजवीकडून भरून बघ, जमतं का पाहू. आणि वही फेअर करून आणू नकोस. खाडाखोड आहे तशी आण.

तुझी,
बाई