गरोदरपणात हिमोग्लोबिन ९.८ आले आहे. बीट, डाळिंब आणि खजूर पुरतील का?

आपण लिहिले आहे की पत्नीला पाचवा महिना लागला आहे, घर पूर्ण शाकाहारी आहे, हिमोग्लोबिन ९.८ आले आहे आणि आईंच्या मते लोहाच्या गोळ्या उष्ण पडतात, त्याऐवजी बीट, डाळिंब आणि खजूर द्यावेत. मी पुण्यातील एका प्रसूतिगृहात बरीच वर्षे आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हा प्रश्न मला वरचेवर, बहुधा सासूबाईंच्या समक्षच, विचारला जातो.

बीट-डाळिंब पुरणार नाही. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रिया त्यात मोडत होत्या, त्यामुळे तुमच्या घरी काही जगावेगळे घडलेले नाही. मात्र बिटाची सगळी कीर्ती त्याच्या रंगावर उभी आहे. १०० ग्रॅम बिटात लोह १ मिलिग्रॅमहूनही कमी असते, डाळिंबाच्या दाण्यांत त्याहून कमी, आणि सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या एका लाल गोळीत ते ६० मिलिग्रॅम असते. हिमोग्लोबिन कमी असल्यास डॉक्टर दिवसाला दोन गोळ्याही देतात. फळे जरूर द्यावीत, पण ती गोळीच्या जागी नव्हेत. गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, काहींना बद्धकोष्ठ होते, आणि याच त्रासाला घरोघरी ‘उष्ण पडणे’ म्हणत असावेत. फार त्रास झाल्यास डॉक्टर गोळी बदलून देतात. ती परस्पर बंद करू नये.

खरी गफलत बहुतेक वेळा वेळापत्रकात असते. एक बाई दोन महिने नियमाने गोळ्या घेत होत्या आणि तरीही त्यांचे हिमोग्लोबिन जागचे हलले नव्हते. मी त्यांना आठवडाभर खाण्याच्या नोंदी वहीत लिहायला सांगितल्या. वहीत रोज एकच ओळ होती: ‘सकाळी दहा – पोहे, चहा, लाल गोळी, पांढरी गोळी’. चहातील टॅनिन लोहाला आतड्यात शोषू देत नाही आणि पांढरी गोळी, म्हणजे कॅल्शियम, हेही लोहाच्या आड येते. आम्ही औषध तेच ठेवले, फक्त जागा बदलल्या: कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या जेवणासोबत, लोहाची गोळी रात्री जेवणानंतर दीड तासाने लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, आणि चहा जेवणापासून किमान तासभर दूर. पुढच्या तपासणीत आकडा वर सरकला. ॲसिडिटीची औषधेही लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नयेत, हे जाता जाता सांगते, कारण कोणी विचारत नाही.

लिंबाचे हेच सूत्र ताटालाही लागू आहे. मटकीच्या किंवा हरभऱ्याच्या उसळीवर लिंबू पिळले, बाजरीच्या भाकरीबरोबर राजगिऱ्याची किंवा माठाची भाजी आणि एखादी पेरूची फोड घेतली, तर त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे वनस्पतिज लोह अधिक शोषले जाते. कडधान्यांना मोड आणल्याने तोच फायदा होतो, फक्त मोड कच्चे न खाता शिजवून खावेत. ‘दोन जिवांचे खाणे’ याचा अर्थ दुप्पट खाणे नव्हे. दुसऱ्या तिमाहीपासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध एवढेच. उलट ‘जास्त खाल्लेस तर बाळ मोठे होईल, सिझर करावे लागेल’ या भीतीने अन्न आवरते घेणाऱ्या बायका मला अधिक काळजीत टाकतात. पपईबद्दल विचाराल तर कच्ची टाळावी. पिकलेल्या पपईला बिचारीला उगाच शिक्षा मिळते.

आहाराला मी कमी लेखते असे मात्र समजू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला. त्या गटात गरोदरपणातील मधुमेह कमी आढळला. पालेभाज्या, दूध आणि फळे एवढ्या साध्या गोष्टींचा बाळाच्या वजनाशी असलेला संबंध त्याआधी पुण्याजवळच्या सहा गावांत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवला होता.

याच पुण्याच्या अभ्यासातून तुमच्या घराला थेट लागू पडणारी एक गोष्ट पुढे आली. पुष्कळ मातांमध्ये ‘बी-१२’ जीवनसत्त्व कमी होते, आणि ज्यांच्यात फॉलेट (पालेभाज्यांतील एक ‘ब’ जीवनसत्त्व, गोळीत ते फॉलिक ॲसिड म्हणून असते) भरपूर पण ‘बी-१२’ कमी होते त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला प्रतिरोध, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी अवस्था, अधिक दिसला. ‘बी-१२’ भाज्यांत, डाळींत, कडधान्यांत मिळत नाही. शाकाहाऱ्याला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळते आणि तेही अनेकदा अपुरे पडते. त्यातच रक्त कमी म्हणजे लोह कमी असे प्रत्येक वेळी नसते. १९२८ मध्ये डॉ. ल्युसी विल्स मुंबईत आल्या त्या इथल्या गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातील रक्तक्षयाचे कारण शोधण्यासाठी. हा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो असे त्यांना दिसले. त्यातील घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला.

म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना रक्ताच्या अहवालातील ‘एम.सी.व्ही.’ हा आकडा दाखवून तांबड्या पेशी लहान आहेत की मोठ्या, एवढे विचारा. मोठ्या असल्यास ‘बी-१२’ तपासावे लागेल. लहान असल्यास बहुधा लोहच कमी असते, पण पूर्वी कधी झाली नसेल तर थॅलेसेमियाची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, एकदा तपासणी करून घ्यावी. गोळ्या वर सांगितल्याप्रमाणे सुरू ठेवून चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. ते सुमारे १ ग्रॅमने वाढायला हवे. वाढले नाही, किंवा मध्येच जिना चढताना धाप लागू लागली, तर तारखेची वाट न पाहता दाखवावे, कारण शिरेतून लोह देण्याची सोय आहे आणि त्यासाठी हाती अजून पुरेसे दिवस आहेत.